नातेवाइकाला बाहेर पाठवा

४ जुलै

भाऊजी,

नऊ वर्षांत तुम्हाला एक ओळ लिहिली नाही आणि आज लिहिते आहे, तेव्हा काम असणार हे तुम्ही पाकीट फोडायच्या आधीच ओळखलं असेल. काम आहे. तीनदा फोन केला, तिन्ही वेळा माझा आवाज ऐकून तुम्ही ठेवून दिलात. पत्र आलं की वाचल्याशिवाय तुम्हाला राहवत नाही, असं ताई म्हणायची. त्या भरवशावर लिहिते आहे.

मी मेडिकल कॉलेजात तिसऱ्या वर्षाच्या मुलांना पॅलिएटिव्ह केअर शिकवते. जो आजार आता बरा होणार नाही, त्यातल्या माणसाचं दुखणं कमी कसं ठेवायचं आणि त्याच्याशी बोलायचं कसं, हा विषय. पहिल्या तासाला मी एक ध्वनिमुद्रण ऐकवते. ते ताईचं आहे. शेवटच्या दिवसांत मी दोन विद्यार्थ्यांना घेऊन तुमच्या घरी आले होते, त्या दिवशीचं. तिने होकार दिला होता, आणि तो होकारही त्यात ऐकू येतो. नावं कुणाचीच नाहीत.

आता इथल्या समितीने नियम केला आहे की रुग्ण हयात नसेल तर जवळच्या नातेवाइकाची लेखी संमती हवी. जवळचे नातेवाईक तुम्ही. फॉर्म सोबत आहे, फुलीपाशी सही करा. ऑगस्टअखेर आला नाही तर तो तास बंद होईल. गेल्या नऊ वर्षांत त्या एका तासाने जेवढी मुलं शहाणी झाली, तेवढी माझ्या बाकीच्या सगळ्या तासांनी मिळून झाली नाहीत. म्हणून तुम्हाला लिहायची वेळ आली.

तुमची मेहुणी

*

१५ जुलै

सन्माननीय डॉक्टरीणबाई,

फॉर्म तपासून परत पाठवतो आहे. अकरा चुका आहेत, लाल शाईने दाखवल्या आहेत. 'मयत रुग्णाच्या स्वेच्छेने' म्हणजे काय, हे समितीला एकदा विचारा. शेरा शेवटी लिहिला आहे. सही केलेली नाही.

तुमचं पत्र मी खिडकीशी बसून वाचायला घेतलं. 'ध्वनिमुद्रण' या शब्दापर्यंत आलो आणि पुढचा अर्धा तास मला एक अक्षर वाचता आलं नाही. तुम्हाला कल्पना नसेल, पण माझ्याकडे तिचं सगळं आहे. चष्मा आहे, वाणसामानाच्या याद्या आहेत, शाळेच्या संमेलनातले फोटो आहेत. आवाज नाही. आवाज कसा विरत जातो ते मी पाहिलं आहे. पहिल्या वर्षी तिची स्वयंपाकघरातली हाक जशीच्या तशी कानात यायची. मग तिच्यातला तो वर चढणारा सूर गेला. मग नुसते शब्द उरले, आणि आता तेही माझ्याच आवाजात ऐकू येतात. लहानपणी पाठ केलेल्या कवितेची चाल विसरावी आणि अक्षरं तेवढी छापल्यासारखी डोळ्यांपुढे राहावीत, तसं काहीसं.

आणि तिकडे दरवर्षी शंभर-सव्वाशे पोरं बाकावर रेलून, जांभया देत तो आवाज ऐकतात. तो घरात नाही, कॉलेजात आहे. याला काय म्हणायचं ते मी लिहीत नाही, चाळीस वर्षं मुलांपुढे जीभ सांभाळली आहे.

ती मुलं कधी आली होती हेही मला आठवत नाही, कारण मी घरात नव्हतो. रोज दुपारी चारच्या ठोक्याला तुम्ही यायचात आणि उंबऱ्यातूनच म्हणायचात, 'भाऊजी, जरा कापूस आणा.' काल पट्ट्या, आज कापूस, उद्या ग्लुकोज. माझ्या कपाटात अजून कापसाच्या अकरा गुंडाळ्या आहेत. माझ्याच घरातून मला हाकलायचं आणि माझ्याच बायकोचा आवाज भरून न्यायचा.

आधी मला ऐकवा. मग सहीचं बघू.

आपला,
सेवानिवृत्त भाषाशिक्षक

*

२२ जुलै

भाऊजी,

ऐकवता येणार नाही. कारण माझं नाही, तिचं आहे. मुद्रणातच ती म्हणते, 'मुलांना ऐकव, त्यांना नको.' त्यांना म्हणजे तुम्हाला. नऊ वर्षं मी तेवढा तिचा शब्द पाळला आहे.

चुका सुधारून नवा फॉर्म पाठवते आहे. समितीच्या कारकुनाने तुमचा शेरा मोठ्याने वाचून दाखवला. सगळे हसले, मी हसले नाही.

कापूस लागत होता.

मेहुणी

*

३० जुलै

बारके,

'डॉक्टरीणबाई' पुरे झालं. तू पाच वर्षांची असताना आमच्या लग्नात माझ्या टोपीत चुरमुरे भरले होतेस, तेव्हापासून तुला ओळखतो.

तू खोटं लिहितेस. एक्केचाळीस वर्षांत तिने माझ्यापासून काही लपवलं नाही. ज्या बाईला भाजीत मीठ जास्त पडलं तरी पानावर बसायच्या आधी सांगितल्याशिवाय चैन पडत नसे, ती म्हणेल 'त्यांना नको'?

आमचं तुला काही माहीत नाही. आम्ही दोघं एकाच पाठ्यपुस्तकावर वाढलो. ती तिच्या गावी, मी माझ्या, पण पुस्तक एकच, निळ्या पुठ्ठ्याचं, ओढ्याच्या कवितेने सुरू होणारं. लग्न ठरवायला गेलो तेव्हा बोलायला काही सुचेना, म्हणून मी त्या कवितेची पहिली ओळ म्हणालो आणि तिने खाली बघतच दुसरी म्हटली. तिथेच ठरलं. पुढे घरात तोच खेळ. मी दाढी करताना पहिली ओळ म्हणायची, तिने पीठ मळता मळता दुसरी. भांडण झालं की दोन दिवस ओळी बंद. मग कुणीतरी हळूच पहिली ओळ टाकायचं.

आजारपणातही तेच चालू होतं. सकाळी मी तिच्या उशाशी बसून पहिली ओळ म्हणायचो आणि ती हळूहळू, थांबत थांबत दुसरी म्हणायची. संध्याकाळी मात्र नाही. कारण चारला तू यायचीस. तू गेलीस की साडेचारला ती झोपून जायची, ती आठ वाजेपर्यंत. मी उशाशी बसून पुस्तक नुसतं उघडं धरायचो. तू येऊन तिला काय एवढं बोलायला लावायचीस की ती अशी गळून पडायची? शेवटचे अठरा दिवस होते. माझ्या अठरा संध्याकाळी तू नेल्यास. वर आता आवाजही तुझाच.

ऐकवल्याशिवाय सही नाही. हे शेवटचं.

भाऊजी

*

६ ऑगस्ट

भाऊजी,

ती माझ्यामुळे थकून झोपत नव्हती. चोवीस तासांत तेवढाच वेळ तिला दुखत नव्हतं, म्हणून झोपत होती.

आता विचारलंच आहे तर ऐका. मी तिला मॉर्फिनचं पातळ औषध लिहून दिलं होतं. दर चार तासांनी पाच मिली. द्यायचं काम तुमचं, कारण नर्स ठेवायला तुम्ही तयार नव्हता. दुसऱ्या दिवशी बाटली बघितली तर औषध जेवढं उतरायला हवं होतं त्याहून कमीच उतरलेलं. तिसऱ्या दिवशी लेबलावर पेन्सिलीने खूण केली. चौथ्या दिवशी खात्री झाली. तुम्ही तिला अडीच मिली देत होता. रोज, प्रत्येक वेळी, मोजून अर्धं.

म्हणून मी चारला यायचे. तुम्हाला कापसाला पाठवायचे आणि तिला पुरं औषध द्यायचे. चार तास तिला बरं वाटायचं. त्यानंतर पुन्हा तुमचा अर्धा डोस.

मुद्रणात माझा विद्यार्थी विचारतो, 'दहापैकी किती दुखतं?' ती म्हणते, 'ते खोलीत असले की चार.' तो विचारतो, 'आणि नसले की?' ती म्हणते, 'मग खरं सांगते. आठ.'

तुमच्यासमोर ती चार का म्हणायची हे मी तुम्हाला शिकवणार नाही. मुलांना शिकवते. दुखणं विचारायचं असेल तर आधी नातेवाइकाला बाहेर पाठवा. हे वाक्य मी फळ्यावर लिहिते, मुलं पाठ करतात, परीक्षेत लिहितात. नऊ वर्षांत बाहेर पडलेला आमचा प्रत्येक डॉक्टर हे वाक्य घेऊन गेला आहे. ते वाक्य तुमच्यावरून आलं आहे.

सही करायची तर करा.

मेहुणी

*

२४ ऑगस्ट

भाऊजी,

अठरा दिवस झाले, उत्तर नाही. मागचं पत्र फार कडक झालं, हे मला पोस्टात टाकल्यावर लगेच वाटलं. पण त्यात खोटं काही नाही, म्हणून मागे घेत नाही.

महिनाअखेरीला आठवडा उरला आहे. फॉर्मची आणखी एक प्रत जोडली आहे. तब्येत बरी असेल तर तेवढं तरी कळवा.

मेहुणी

*

२६ ऑगस्ट

बारके,

तब्येत बरी आहे. बरी असायचं खरं तर कारण नाही.

हो. अर्धं देत होतो. हे मी आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं, आणि मला वाटायचं की हे कळणारी एकच व्यक्ती होती, ती गेली. तिलाही कळलं नसेल असं मी स्वतःला समजावून ठेवलं होतं. तुझं पत्र आल्यापासून मी ते रोज सकाळी एकदा वाचतो, पूर्वी मुलांकडून शुद्धलेखन गिरवून घ्यायचो तसं.

का, ते सांगतो. माफीसाठी नाही, तुझ्याकडे मी काही मागणार नाही.

पहिल्या दिवशी तू सांगितलं होतंस तेवढं पुरं दिलं. तासाभराने मी पहिली ओळ म्हटली. तिने डोळे किलकिले केले, माझ्याकडे बघून हसली आणि झोपली. दुसरी ओळ आलीच नाही. मी पुन्हा म्हटली, मग दुसरी कविता घेतली, मग तिसरी, सोप्यातली सोपी, बालवाडीतली. काही नाही. मला वाटलं, गेली. शरीर इथेच आहे आणि ती गेली. दुसऱ्या दिवशी अर्धं दिलं तर ती सगळ्या ओळी म्हणाली. कपाळाला आठ्या होत्या, पण म्हणाली. मी त्या आठ्या आठवण्याच्या आठ्या समजलो, बारके. वर्गात मुलं आठवायला लागली की अशाच आठ्या घालतात.

शिवाय औषधाच्या दुकानातला पोऱ्या बाटली गुंडाळताना म्हणाला होता, 'आजोबा, हे सुरू झालं की माणूस परत येत नाही.' मी तुला विचारलं होतं. दारातच विचारलं, 'हे औषध फार जहाल असतं का गं?' तू चपला घालत होतीस. म्हणालीस, 'सांगितलंय तेवढं द्या.' आणि गेलीस. तुला आठवत नसेल.

असो. आता माझ्यापासून लपवायला काही उरलेलं नाही, म्हणजे तिचा तो शब्दही संपला. मी गुरुवारी तुझ्या कॉलेजात येतो आहे. ऐकवेपर्यंत तिथल्या बाकावर बसून राहीन. चाळीस वर्षं उभं राहून शिकवलं आहे, बसायला मला काही जड जाणार नाही.

भाऊजी

*

२७ ऑगस्ट

(शिपायाच्या हाती)

या. दुपारी दोन वाजता, दुसरा मजला, डावीकडची शेवटची खोली. तिने जे झाकलं होतं ते मीच रागाच्या भरात उघडं केलं, तेव्हा तिचा शब्द मोडला तो मी.

मी त्या वेळी ओपीडीत असेन. आमचा कारकून लावून देईल. साडेसतरा मिनिटांचं आहे. ऐकून झाल्यावर माझी वाट बघू नका.

मेहुणी

*

१ सप्टेंबर

बारके,

ऐकलं. साडेसतरा नाही, एकवीस मिनिटं.

तुझा कारकून भला माणूस आहे. त्याने मला पंख्याखाली खुर्ची दिली, पाणी दिलं आणि संगणकावर एकाच नावाच्या दोन मुद्रणांपैकी वरचं लावलं. त्याला वाटलं तेच. संपत आलं तेव्हा तो दचकून म्हणाला, 'अहो, वर्गात एवढं लांब नसतं.' तेव्हा मला कळलं की तू शेवट कापून ऐकवतेस.

आधीचं सगळं तू लिहिलंस तसंच आहे. पहिल्या वाक्याला मी काय ते ऐकलंच नाही, नुसता आवाज ऐकला. तिच्या आवाजात सर्दी झाल्यासारखी एक बारीक घरघर होती, ती मी साफ विसरलो होतो. मग चार. मग आठ. तुझ्या त्या विद्यार्थ्याने विचारलं, 'मग तुम्ही त्यांना सांगत का नाही?' ती म्हणाली, 'ते पहिली ओळ म्हणतात ना, तेव्हा त्यांचं तोंड बघितलंय का तुम्ही? पास होऊ का नाही अशा पोरासारखं.' तो हसला. मीही हसलो, तुझा कारकून साक्षीला आहे.

मग मुलं हात धुवायला बाहेर गेली आणि यंत्र चालूच राहिलं. खोलीत तुम्ही दोघी बहिणी. मी शब्द न् शब्द लिहून घेतला आहे, आयुष्यभर श्रुतलेखन घातलं, एवढं एक लिहून घेतलं. ती म्हणते, 'बारके, तू त्यांना का सांगत नाहीस?' तू म्हणतेस, 'सांगून काय होणार, ते कुणाचं ऐकतात?' ती म्हणते, 'एकदा समोर बसवून सांग. मी सांगितलं तर रडत बसतील. तू सांगितलंस तर देतील. डॉक्टर तू आहेस.' तू म्हणतेस, 'बघते.' ती म्हणते, 'तुझं बघते म्हणजे नाही.' मग ती म्हणते, 'तुझ्यामुळे चार तास बरे जातात गं. पण बाकीचे वीस असतात.'

त्यानंतर ती अकरा दिवस होती.

मी अर्धं ओतत होतो, कारण मला काही माहीत नव्हतं आणि मी भित्रा होतो. तुला सगळं माहीत होतं. मी कसं ओततो ते माहीत होतं, तिला किती दुखतं ते माहीत होतं, आणि काय केलं म्हणजे थांबेल तेही तिने तुला स्वतःच्या तोंडाने सांगितलं. तू मला कापूस आणायला पाठवलंस.

नऊ वर्षं तू पोरांना शिकवलंस, नातेवाइकाला बाहेर पाठवा. बरोबर आहे, पाठवायलाच हवं, ऐकल्यावर माझंही तेच मत झालं. पण त्याला परत आत कधी बोलवायचं, बसवून काय सांगायचं, हा तास कितव्या वर्षाला असतो? की तो भाग साडेतीन मिनिटांत गेला?

सही करून फॉर्म पाठवतो आहे. महिनाअखेर उलटली हे मला कळतं, समितीला म्हणावं म्हाताऱ्याचं पोस्ट उशिरा निघालं. मात्र फॉर्मखाली माझ्या हाताने एक वाक्य जोडलं आहे. 'संपूर्ण एकवीस मिनिटे ऐकवण्यास संमती आहे. त्यातील कोणताही भाग वगळून ऐकवण्यास नाही.' यात चूक काढून दाखव.

भाऊजी

*

४ सप्टेंबर

भाऊजी,

ती साडेतीन मिनिटं शिकवण्यासाठी नव्हती. यंत्र बंद करायचं राहून गेलं होतं. दोन बहिणींचं घरातलं बोलणं मी सव्वाशे मुलांपुढे मांडणार नाही. आणि मांडलंच तर ती मुलं त्यानंतर माझं काय ऐकतील? मी त्यांना इथे उभं राहून सांगते की बोला, स्पष्ट बोला, घरच्यांशीही बोला.

तुम्ही विसरता आहात की तेव्हा तुम्ही कसे होता. पाण्याच्या पेल्यावरून वाद घालायचा. उशी किती उंच ठेवायची यावर मला पाऊण तास ऐकवलं होतंत. माझ्यामागे वॉर्ड होता, ओपीडीत रांग लागलेली असायची. मला रोज जाऊन-येऊन तासभर मिळायचा. तो तुम्हाला समजावण्यात घालवायचा की तिला औषध द्यायचं? मी औषध निवडलं. आजही तेच निवडेन.

आणि चपलांचं म्हणाल, तर मला ते आठवतं. तुम्हाला वाटतं तसं विसरले नाही.

तुम्ही जिंकलात. नऊ तारखेला नव्या मुलांचा पहिला तास आहे. मुद्रण ऐकवणार नाही, पाठ्यपुस्तकातलं प्रकरण वाचून दाखवेन. झोपतील. तुमच्या सहीचा फॉर्म समितीकडे अजून दिलेला नाही, हवा तर परत पाठवते.

मेहुणी

*

६ सप्टेंबर

बारके,

परत नको. जे लिहून दिलं ते दिलं.

एक तास तिला द्यायचा की मला, असं तू लिहितेस. मला अठरा वेळा दाराबाहेर काढायला तुला वेळ मिळत होता. एकदा पायरीवर बसवायला किती लागला असता? मी वाद घातला असता, हे खरं. रडलोही असतो. पण उशीवरून भांडणारा माणूस उशी कुठे ठेवायची हे ऐकून घ्यायलाच भांडत असतो, एवढं चाळीस वर्षं पालकसभा घेऊन मला कळलं आहे. तुला माणसांच्या परीक्षेत कुणी बसवलंच नाही.

प्रकरण वाचून दाखव. जिंकलो बिंकलो काही नाही, तिचा आवाज कुणीच ऐकणार नाही एवढाच अर्थ झाला.

भाऊजी

*

९ सप्टेंबर

भाऊजी,

फॉर्म काल समितीकडे दिला, तुमच्या वाक्यासकट. उशीर त्यांनी चालवून घेतला. आज तास झाला.

सकाळी जाताना हातात पुस्तक होतं. प्रकरणाला खूण घालून ठेवली होती. व्यासपीठावर उभी राहिले, पहिलं वाक्य वाचलं आणि शेवटच्या दोन रांगा मोबाइलमध्ये गेल्या. मी पुस्तक मिटलं, बाटलीची आणि चौथ्या दिवसाची हकिगत दरवर्षीसारखी नाव न घेता सांगितली आणि कारकुनाला वरचं मुद्रण लावायला सांगितलं. तो दोनदा म्हणाला, 'मॅडम, वरचं?'

आजवर इतक्यांदा ऐकलं आहे, पण कापलेला भाग मी नऊ वर्षांपूर्वी एकदाच ऐकला होता, कापताना. 'बघते' म्हणताना माझा आवाज किती कंटाळलेला आहे. तेव्हा तसा वाटला नव्हता.

संपल्यावर मी नेहमीप्रमाणे फळ्यावर वाक्य लिहिलं. खाली दुसरं काही लिहिलं नाही, ते अजून माझं मला सुचलेलं नाही. तुम्ही पाठवू नका. मग विचारलं, कुणाला शंका? पहिल्या तासाला कधी कुणी काही विचारत नाही. आज तिसऱ्या बाकावरच्या मुलीने हात वर केला. म्हणाली, 'मॅडम, औषध अर्धं दिलं जातंय हे डॉक्टरांना चौथ्या दिवशी नक्की कळलं होतं. पेशंटनेही सांग म्हणून सांगितलं. मग डॉक्टरांनी नवऱ्याला सांगितलं का नाही?'

उत्तरं माझ्याकडे होती. तुम्हाला लिहिली तीच. वॉर्ड, ओपीडी, वेळ, नातेवाइकाचा स्वभाव. एकेक खरी आहे. आणि ती मुलगी पेन उघडून थांबली होती.

मी म्हणाले, 'ती डॉक्टर मी आहे. आणि तो माणूस मला आवडत नव्हता.'

कुणी हसलं नाही. सव्वाशे जणांनी माना खाली घालून ते वहीत उतरवलं. ही मुलं सगळंच उतरवून घेतात, मी खोकले तरी. त्या मुलीने लिहून झाल्यावर पुन्हा वर बघितलं. 'आणि आता, मॅडम?'

'आताही नाही,' म्हटलं.

तिने तेही लिहिलं. मागच्या रांगेतून एकाने विचारलं, हे परीक्षेत येईल का. मी येईल म्हणाले.

बारकी